चौथी तार

‘षड्ज’ या शब्दाचा अपभ्रंश होतां होतां ‘खर्ज’ झाला, असें सांगतात. म्हणजे मुळांत तो सप्तकाच्या पायाचा एक विवक्षित स्वर. परंतु व्यवहारांत कोणत्याहि ठाय व भरदार आवाजाला खर्ज म्हणण्याचा प्रघात पडला. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हा शब्द आतां फारसा लागत नाहीं. त्यांचा शब्द ‘बेस’. मोटारींत बेस, कानांत घालावयाच्या बोंडांत बेस, वरातींत बेस. आणि एखाद्या यंत्राची थोरवी सांगावयाची झाली तर ‘काय बेस आहे!’ यापलीकडे प्रशस्तिपत्र नाहीं. शब्दाविषयीं आमची तक्रार नाहीं; हार्मोनियमला घरांत घेणाऱ्यांनीं बेसला उंबऱ्यावर अडविण्याचें कारण नाहीं. तक्रार आहे ती अर्थाविषयीं. बेस म्हणजे छातीवर बसणारा धक्का, अशी समजूत रूढ झाल्यामुळें माणसें हजारों रुपये खर्चून घरीं धक्का विकत आणतात, आणि तंबोऱ्याची चौथी तार मात्र त्यांच्या हातून निसटते. ही तार परत मिळविण्यासाठीं आमच्या घरीं जो खटाटोप झाला त्याची हकीकत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. तेव्हां तींत जें शास्त्र येईल तें एका सहकाऱ्याकडून उसनें घेतलेलें आहे, हें प्रारंभींच सांगितलेलें बरें.

थोडे आंकडे दिल्यावांचून गत्यंतर नाहीं. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुष गवयाचा मध्य षड्ज सेकंदास सुमारें १३८ आंदोलनांचा असतो. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची. मग जोडाच्या दोन तारा मध्य षड्जाच्या. आणि चौथी, जाड अशी, मंद्र षड्जाची. हीच खर्जाची तार, आणि तिचीं आंदोलनें सुमारें ६९. गायिका काळी चार किंवा पांचमध्यें गात असेल तर हाच खर्ज १०४ ते ११७ च्या दरम्यान येतो. डग्ग्याचा घुमारा व पखवाजाची थाप हीं याच मोहल्ल्याच्या आसपास राहतात. आतां बाजारांतील यंत्रें २० आंदोलनांपर्यंत खालीं उतरण्याची प्रतिज्ञा करितात. भूकंपाचा चित्रपट पाहावयाचा असेल, किंवा युरोपांतील एखाद्या मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनची बत्तीस फुटी नळी, जिचा स्वर १६ आंदोलनांचा असतो, घरीं ऐकण्याचा हव्यास असेल, तर त्या प्रतिज्ञेला किंमत आहे. ज्याला ख्याल ऐकावयाचा आहे त्याचें काम साठाच्या वरच भागतें. साठाच्या वरचा हा टापू यंत्रास अवघड नाहीं. अवघड आहे तो आपल्या खोल्यांस. परंतु तें पुढें येईल.

आमच्या वडिलांना, ज्यांना घरांत सर्वजण अण्णा म्हणतात, आतां ८६ वें वर्ष चालू आहे. ते गवई नव्हेत, जन्मभर शाळामास्तर. मात्र तरुणपणापासून साठी उलटेपर्यंत पेठेंतील उत्सवाच्या बैठकींत गवयाच्या मागें तंबोरा घेऊन बसणें हें त्यांनीं व्रतासारखें चालविलें. मागें बसणाऱ्यास गाणें समोरच्या श्रोत्यांहून निराळें ऐकूं येतें. गवयाची पाठ दिसते, चेहरा दिसत नाहीं. आणि कान भोपळ्याच्या इतका जवळ असतो कीं खर्जाची तार कानानें ऐकिली कीं गालाच्या हाडानें, हें सांगतां येऊं नये. आतां अण्णांच्या कानांनीं वरच्या अंगाची रजा घेतली आहे. म्हातारपणीं कान प्रथम उंच स्वर सोडतो व खालचे स्वर बहुधा पुष्कळ काळ धरून ठेवतो. बोलण्यांतील ‘स’ आणि ‘श’ त्यांना येत नाहींत, पहांटेचे पक्षी गेले, सारंगीची धार गेली. कानांतील यंत्रानें नातवंडांचें बोलणें त्यांना बरेंच परत मिळालें. गाणें मिळालें नाहीं. संगीतापैकीं जो हिस्सा त्यांच्या वांट्यास राहिला आहे त्यांत खर्जाचा भाग मोठा आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निबंधांतील खटाटोपाचें कारण वाचकांस कळेल.

२०१९ सालीं आमचा जुना वाडा पडून त्या जागीं इमारत झाली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या घरांत आलों. चिरंजीव मुलीनें आपल्या पहिल्या मिळकतींतून आजोबांसाठीं दोन लहान, देखणे स्पीकर आणले. दुकानाकडून आलेल्या माणसानें ते पुढच्या भिंतीपासून चांगले चार फूट अलीकडे उभे केले; भिंतीपासून दूर असले म्हणजे आवाज मोकळा होतो, असें तो म्हणाला. काळी एकमधील एक जुनें ध्वनिमुद्रण लावलें. आम्हां सर्वांस तें उत्तम वाटलें. अण्णांनीं दहा मिनिटें डोळे मिटून ऐकिलें आणि ते म्हणाले, “अरे, हा तंबोरा तीन तारांचाच आहे.”

घरांतील तरुण मंडळींना हें म्हातारपणाचें बोलणें वाटलें, कारण त्यांना चौथी तार स्वच्छ ऐकूं येत होती. गंमत अशी कीं दोघेहि खरें सांगत होते. एखाद्या स्वराचा मूळ पाया नाहींसा झाला, तरी त्याच्यावरचे उपस्वर शाबूत असतील तर कान आपल्या पदरचा पाया घालून घेतो. कलकत्त्यास १९०२ सालीं गोहरजान गाऊं लागल्या तेव्हांपासून १९२५ पर्यंत आवाज कर्ण्यांत शिरून तबकडीवर कोरला जात असे. खालच्या स्वरांचा त्या तबकड्यांवर जवळजवळ अभावच आहे. तरीहि त्यांतील पुरुष पुरुषासारखे ऐकूं येतात तें कानाच्या या उदारपणामुळें. तंबोऱ्याच्या बाबतींत उपस्वरांची समृद्धि तर विचारूं नये. तंबोऱ्याची रुंद घोडी आणि तीवर सरकविलेला जवारीचा दोरा यांच्या योगानें, तार जेथें छेडली तेथें जे उपस्वर उमटूं नयेत तेहि कसे उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें आहे. परंतु खर्जाच्या तारेची अडचण अशी कीं तिची बरीचशी संपत्ति शेजारणींच्या नांवावर आहे. तिचा दुसरा उपस्वर म्हणजे जोडाचाच षड्ज. तिसरा पडतो तो पंचमाच्या तारेच्या दुसऱ्यावर. तिची स्वतःची म्हणावी अशी ठेव म्हणजे मूळ ६९ चा स्वर आणि पांचवा उपस्वर, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतों तो. तरुण कान एवढ्यावरून तार उभी करितो. अण्णांना ही सवलत कमी मिळत असावी, असा आमचा तर्क आहे. शिवाय ज्यानें पन्नास वर्षें ती तार बोटानें छेडली त्याला बदली माणूस चालत नाहीं.

लहान पेटींतून मोठा खर्ज निघत नाहीं, हें आपल्याकडे कोणीहि ढोलकी व ढोल शेजारीं ठेवून सांगेल. स्पीकरांतील कागदी पडदा वाऱ्याला ढकलतो. स्वर एक सप्तक खालीं नेऊन तेवढाच मोठा ठेवावयाचा तर त्या पडद्यास चौपट अंतर हालावें लागतें. राइस व केलॉग या दोघां अमेरिकन इंजिनिअरांनीं १९२५ सालीं ज्या रचनेचें वर्णन प्रसिद्ध केलें तीच रचना थोड्याबहुत फेरफारानें आजहि आपल्या घरोघरीं आहे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं पेटी हवाबंद करून आंतल्या हवेलाच स्प्रिंगचें काम दिलें, आणि पूर्वीं कपाटाएवढ्या पेटींतून निघणारा खर्ज फडताळांत मावूं लागला. फुकट मात्र नव्हे. पेटी लहान असावी, खर्ज खोल असावा आणि थोड्या विजेंत मोठा आवाज निघावा, या तिहींपैकीं दोनच एका वेळीं मिळतात. हॉफमन यांच्या नांवानें हा नियम त्या धंद्यांत प्रसिद्ध आहे. सुनेच्या गुणांची यादी करणाऱ्या वरमाईंना तो आमच्यापेक्षां लवकर समजेल.

आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी एका रविवारीं चहास आले ते खिशांत मोजपट्टी घेऊनच. त्यांनीं खोली मोजली : लांबी पांच मीटर, रुंदी तीन, उंची तीनाला थोडी कमी. मग स्पीकर पुढच्या भिंतीपासून किती दूर आणि अण्णांची खुर्ची मागच्या भिंतीपासून किती दूर, तें मोजलें. दोन्हीं अंतरें सव्वा मीटराच्या आसपास भरलीं, आणि ते हंसूं लागले. “स्पीकरांना बोल लावूं नका,” ते म्हणाले, “तुमच्या खोलीनेंच तार गिळली आहे.”

त्यांनीं जें समजावून दिलें तें असें. आवाज सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. ६९ आंदोलनांच्या स्वराची एक लाट त्या हिशेबानें बरोबर पांच मीटर लांब होते. खालचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे पुढें जात नाहींत, दिव्यासारखे सर्व बाजूंनीं पसरतात. म्हणून स्पीकरामधून निघालेली लाट मागें भिंतीकडेहि जाते, सव्वा मीटर जाऊन आपटते, सव्वा मीटर परत येते, आणि स्पीकरापाशीं पोंचते तेव्हां बरोबर अर्धी लाट उशिरा पोंचते. एकीचा उंचवटा तेथें दुसरीचा खळगा, बेरीज शून्याकडे. दुसऱ्या टोंकास खुर्चीपाशीं हाच प्रकार. भिंतीला टेंकून उभें राहिल्यास खर्ज भरपूर, चार फूट पुढें आल्यास नाहींसा. आमची त्यांनीं परीक्षाच घेतली. फोनमधून ६९ आंदोलनांचा सलग स्वर लावला आणि आम्हांस खोलींत फिरविलें. खिडकीपाशीं तो स्वर अंगावर येई, खुर्चीपाशीं विझे, दाराजवळ पुन्हां उठे. पन्नास वर्षांत आम्ही शेंकडों खोल्यांत बसलों, व्याख्यानें दिलीं. परंतु एकाच खोलींत स्वराला असे डोंगर आणि दऱ्या असतात याचा प्रत्यय आला नव्हता.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे खुर्ची हलविणें. तो सुचवितांच अण्णा म्हणाले, “खुर्ची इथेंच राहील.” तेथें सकाळचें ऊन वर्तमानपत्रावर पडतें आणि बाहेरचें दार दिसतें. ज्या गृहस्थांचा वाडा गेला, त्यांच्याशीं चार फूट जागेवरून हुज्जत घालण्याची आमची छाती झाली नाहीं. तेव्हां स्पीकर हलले. ते अगदीं भिंतीशीं नेऊन टेंकविले. त्यायोगें ती वजाबाकी वरच्या स्वरांकडे सरकली, जेथें स्पीकर मागें फारसें बोलत नाहीं, आणि भिंतीनें खर्जाला उलट थोडा हातभार लावला. मोकळेपणाचा उपदेश करणाऱ्या परदेशी पुस्तकांना हें रुचणार नाहीं. पण तीं पुस्तकें लांकडी सांगाड्यावर पातळ फळ्या ठोकलेल्या घरांत लिहिलेलीं असतात. त्या भिंती खर्जाबरोबर आपणहि डोलतात व त्याचा बराच भाग बाहेर सोडून देतात. आपल्या काँक्रीटच्या भिंती कांहींच सोडीत नाहींत. आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंती, तक्तपोशी, ओटीवरून माजघरांत आणि माजघरांतून परसांत उघडीं असलेलीं दारें, यांतून खर्जाला जावयास वाट होती. तेथें रेडिओ गोड लागे त्याचें थोडें श्रेय रेडिओस आणि थोडें त्या दारांस दिलें पाहिजे.

पडदे लावा, गालिचा घाला, असेंहि पुष्कळांनीं सुचविलें. टाळीचा घणघणाट त्यानें कमी होतो. पांच मीटरांच्या लाटेला गालिचा म्हणजे हत्तीला मलमलीचें कुंपण. येथें जाडी लागते. पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या कापसाच्या सहा गाद्या गुंडाळून आम्हीं मागच्या कोपऱ्यांत छातीइतक्या उंच रचल्या. खोलीचें ओंगळ गुणगुणणें तेवढ्यानें कमी झालें. सौ. नीं त्यांवर सोलापुरी चादर घातली असून आलेल्यागेलेल्यास तें बैठकीचें सामान वाटतें.

मग सबवूफर आला. दुकानांत तो ऐकविण्यासाठीं दुकानदारानें स्फोट लावला. आम्हीं तंबोरा लावण्याची विनंति केली तेव्हां त्यानें आमच्याकडे करुणेनें पाहिलें. घरीं तो कोठें ठेवावा याची एक युक्ति आहे, आणि तिच्यामागें लॉर्ड रॅले यांच्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या १८७७-७८ च्या ग्रंथांतील एक सुंदर सिद्धांत आहे : आवाजाची जागा आणि ऐकणाऱ्याची जागा यांची अदलाबदल केली तरी फळ तेंच. म्हणून यंत्र खुर्चीवर बसवावें, खर्ज चालूं करावा, आणि आपण जमिनीवर कान आणून भिंतीच्या कडेकडेनें रांगत जावें. जेथें एकहि स्वर फुगत नाहीं व एकहि बुडत नाहीं, तेथें यंत्राची जागा. अण्णा फिरावयास गेले असतां आम्हीं हा विधि केला. पंचावन्नाव्या वर्षीं रांगणें दिसतें तितकें सोपें नाहीं. स्वयंपाकघरांतून येऊन सौ. नीं विचारलें, “काय हरवलें?” आम्हीं म्हटलें, “खर्ज.” त्यांनीं कपाटाखालीं वांकून पाहिलें.

तो सांपडला दाराशेजारीं, चपलांच्या मांडणीच्या जागीं. कोपऱ्यांत आवाज सर्वांत मोठा होता, पण तेथें एकच स्वर बैलासारखा हंबरे. चपला गॅलरींत गेल्या. ८० आंदोलनांच्या खालचें काम यंत्राकडे व वरचें स्पीकरांकडे, अशी वांटणी केली. एवढ्या खालीं आवाज कोणत्या दिशेनें येतो तें कानास कळत नाहीं, म्हणून तो दारापाशीं असल्याचा पत्ता लागत नाहीं. पातळी ठरविण्यास चार दिवस लागले. प्रथम सर्वांना जास्तच हवा असतो. रोज थोडा थोडा उतरवीत गेलों तो अशा जागीं थांबलों कीं, यंत्र चालू असतां त्याचें अस्तित्व जाणवूं नये आणि बंद करतांच खोली रिकामी वाटावी. मध्यंतरीं मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या व लोखंडी कपाटाचें दार एका ठराविक स्वराला साथ करीत. त्यांच्याखालीं फडकीं घातलीं. परीक्षेसाठीं आम्हीं धक्क्याचें कांहीं लावलें नाहीं. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन काढलेली मींड लावली : ती एकसारखी वर चढते काय, कीं मध्येंच एका पायरीवर फुगते, हें पाहिलें म्हणजे बेस आणि खर्ज यांतील भेद लहान मुलासहि कळतो.

अण्णांना आम्हीं कांहीं सांगितलें नव्हतें. संध्याकाळीं तेंच ध्वनिमुद्रण लावलें. खुर्चीच्या हातावर त्यांचीं बोटें सवयीनें हालूं लागलीं. पंचमाला मधलें बोट, मग तर्जनी एकदां, दोनदां, आणि तिसऱ्यांदां ती उतरली ती जरा सावकाश, दाबून. गेल्या कित्येक महिन्यांत तें शेवटचें बोट उचललें जात नसे, हें आम्हांस त्या क्षणीं समजलें. त्यांनीं अभिप्राय दिला नाहीं. दुसरी बाजू लावावयास सांगितलें.

या खटाटोपानंतर गणपतीचे दिवस आले आणि बेस या शब्दाचा दुसरा अर्थ रस्त्यावरून जाऊं लागला. ट्रकवर रचलेल्या भिंतींतून जो आवाज येतो त्यानें खिडक्यांच्या कांचा व अण्णांच्या बरगड्या सारख्याच हालतात. जो स्वर त्यांच्या वांट्यास उरला आहे तोच त्यांच्यावर चालून येतो. कायद्याकडे धांव घ्यावी तर २००० सालच्या नियमांनीं वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे खरी. पण ती ज्या मापानें मोजावयाची तें माप हलक्या आवाजाला कान जसा प्रतिसाद देतो तसें बेतलेलें आहे. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं आवाज लहान असतां कान खालच्या स्वरांविषयीं फार बधिर असतो. म्हणूनच रात्रीं गाणें हळू केलें कीं प्रथम खर्ज जातो, आणि तो जरा वाढवून घ्यावा लागतो. परंतु आवाज प्रचंड झाला म्हणजे हा बधिरपणा बराचसा नाहींसा होतो. मापकाचा मात्र होत नाहीं. तो ६३ आंदोलनांच्या स्वरांतून २६ डेसिबल वजा टाकूनच आंकडा दाखवितो. म्हणजे त्या स्वराचे ८१ डेसिबल कागदावर ५५ होतात. ट्रकवाल्यांना हें गणित ठाऊक असेल असें नाहीं. पण तें त्यांच्या बाजूचें आहे.

आमच्याहि घरांतून खर्ज बाहेर जातोच. काँक्रीट त्याला आडवीत नाहीं, वाहून नेतें. यंत्राखालीं आम्हीं जाड रबराची बैठक घातली आहे आणि रात्रीं नवानंतर तें बंद असतें. तरी खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात, त्यांनीं एकदां जिन्यांत आम्हांस थांबविलें. आम्हीं क्षमा मागण्याच्या तयारींत होतों. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडून नुसता ठेका येतो हो खालीं. विलंबित आहे एवढें कळतें. गातंय कोण तें कळत नाहीं.” तेव्हांपासून गुरुवारीं संध्याकाळीं त्या वर येतात. पहिल्या दिवशीं त्यांना भिंतीशीं खुर्ची दिली होती. डग्गा फार होतो म्हणून त्यांनीं दोनदां तोंड वांकडें केलें. आतां ती खुर्ची अडीच हात पुढें ओढली आहे, अण्णांच्या खुर्चीच्या अगदीं रांगेंत, आणि त्यांच्यामधून गॅलरीकडे जावयास वाट उरली नाहीं.